मांजराचा सिनेमा

चपला काढता काढता मला घरातून हसणं ऐकू आलं आणि ते अण्णांचं होतं. एक चप्पल पायात, दुसरी हातात, अशी मी पायरीवर तशीच उभी राहिले. अण्णांचं खोकणं मला ठाऊक आहे, घसा खाकरणं ठाऊक आहे, कडी कशी काढली यावरून त्यांचा दिवस कसा गेला ते मी लहानपणापासून सांगू शकते. पण हसणं? माझा बाप हसतो ही माहिती मला अडतिसाव्या वर्षी मिळाली, तीही खंडेनवमीच्या संध्याकाळी, चामराजपेटमधल्या आमच्या कापडदुकानामागच्या घराच्या पायरीवर. जाड, ओलसर, पोटातून येणारं हसणं होतं. एखाद्या गोड स्वभावाच्या म्हाताऱ्याला शोभावं तसं. मला आनंद वगैरे काही झाला नाही. हातातल्या चपलेचा पट्टा तळहाताला रुतेपर्यंत मी ती आवळली होती. कारण त्या हसण्याच्या मागून मांजराचं ओरडणं आलं, आणि त्या ओरडण्यावरून आत कुठला सिनेमा चाललाय ते मी ओळखलं. मग आणखी एक हसणं आलं, बारीक, तोंडावर पदर धरून हसल्यासारखं. ते आईचं होतं. तो सिनेमा माझा आणि आईचा होता. जगात दुसऱ्या कुणाचा असला तरी चालेल, पण अण्णांचा नाही.

दिवसभर मी तशीही हात शिवशिवतच फिरत होते. सकाळी हेब्बाळला ऑफिसात आयुधपूजा झाली. आमच्याकडे आयुधं म्हणजे लॅपटॉप, त्यांच्या पाठीवर गंधाची बोटं ओढतात, झेंडू चिकटवतात, आणि मग खाली गाड्यांसमोर सुरक्षारक्षक कोहळा फोडतो. कोहळ्याला भोक पाडून आत कुंकू भरलेलं असतं. तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून आपटला की आतला पांढरा गर लाल होऊन उधळतो, आणि आमच्या टीममधली नवी मुलं फोन काढून टाळ्या वाजवतात. मला तो आवाज फार आवडतो. भरलेली वस्तू फुटतानाचा आवाज. कुणाला सांगत नाही, पण दरवर्षी मी पुढे जाऊन उभी राहते. मग तिथून चामराजपेटपर्यंतचा सगळा रस्ता तसाच होता, चाकाचाकापुढे फुटलेले कोहळे, चिरडलेली लिंबं, लाल चिखल. केळीचे खुंट बांधलेली एक रिक्षा मला घासून पुढे गेली, तेव्हा मी काच खाली करून त्या माणसाला जे बोलले ते कन्नडमध्ये होतं आणि अण्णांचं होतं, शब्दन्‌शब्द. मी मराठीत कुणाला शिवी दिलेली नाही. घरात शिव्यासुद्धा अण्णांच्याच, बाकीच्यांनी फक्त ऐकायच्या.

तर सिनेमा. कन्नड होता, आणि पडला होता. साधा पडला नव्हता, सगळ्यांनी मिळून पाडला होता. एका पेपरात एक स्टार होता आणि तो मांजराला दिलाय असं स्पष्ट लिहिलं होतं. दुसऱ्याने लिहिलं, उत्तरार्धात पात्रं फक्त कॉफी पितात. खरंच पितात. मांजराला घाबरणारा एक पोरगा एका पोरीच्या मागे लागतो, तिच्याकडे मांजर आहे म्हणून आपण जनावरांचा डॉक्टर आहोत अशी थाप मारतो, तिच्या बापाचं इडलीचं हॉटेल असतं, पोरगा पिठाच्या टोपात पडतो, बाप झारा घेऊन त्याच्यामागे लागतो. झारा बसतो तेव्हा ‘टंग’ असा घंटेसारखा आवाज येतो. पोरगा ढुंगण चोळतो, डोळे तिरळे करतो, आणि पुढच्या दृश्यात इस्त्रीचा शर्ट घालून मजेत चाललेला असतो. वळ नाही, सूज नाही, खुर्चीत बसताना एका बाजूला कलणं नाही. समीक्षकांचा राग यावरच होता की सिनेमात कुणाला काही होत नाही, कशाचा काही परिणाम नाही. मी ते वाचलं तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मनात म्हटलं, वा. ज्यांच्या घरात काही घडत नाही त्यांनाच सिनेमात काहीतरी घडायला हवं असतं. आमच्याकडे रोज घडायचं.

आणि एक दृश्य होतं. त्याच्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, कारण त्यात लिहिण्यासारखं काही नाही. दोघांचं लग्न झालेलं असतं. ती पलंगावर पाय पसरून नखांना रंग लावत बसलेली असते. बाहेर कुलपात किल्ली फिरते. दार उघडतं, तो येतो, काहीतरी बडबडत बूट काढतो. ती मान वर करत नाही. रंग लावून झालेल्या नखावर फुंकर घालते आणि म्हणते, कॉफी फ्लास्कमध्ये आहे. एवढंच. त्या वेळी थिएटरच्या अंधारात आईने माझं मनगट धरलं होतं. मला वाटलं तिला काही हवंय, म्हणून मी वाकले. ती माझ्या कानात म्हणाली, “पुट्टी, बघ. तिनं बघितलंच न्हाई.” आई मला अजून पुट्टी, म्हणजे छोटी, म्हणते. पडद्यावर मांजर फ्लास्क पाडत होतं, मागच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारत होती, आणि आमच्या दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं. किल्ली फिरली आणि खांदे वर गेले नाहीत, श्वास थांबला नाही, हातातलं काम घाईने लपवलं गेलं नाही. असं घर असू शकतं, हे आईला पन्नाशीच्या उंबऱ्यावर एका एक-स्टारवाल्या सिनेमाने दाखवलं.

आम्ही तो पाहायला गेलो तो दिवसही खंडेनवमीचाच होता. मुद्दामच तो निवडला होता. आमच्या घराण्याची म्हणून एक तलवार आहे, मराठे इकडे आले तेव्हाची म्हणतात, खरंखोटं देव जाणे. नवमीला ती पाटावर निघते. तिच्याशेजारी दुकानातल्या कात्र्या, शिलाई मशीनची चाकं, आणि कापड मोजायचा लोखंडी गज. सगळ्यांना विभूतीचे पट्टे, कुंकू, झेंडू. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, आयुधांनी त्या दिवशी विसावा घ्यायचा. बाकीच्यांच्या घरी हा नियम कात्री आणि स्क्रूड्रायव्हरपुरता असेल. आमच्याकडे त्या गजाने कापडाशिवाय आणखीही काही मोजलं जायचं. आई स्वतः त्याला पाण्याने धुवायची, पुसायची, कुंकू लावायची, पाटावर आडवा ठेवून हात जोडायची. लहान असताना मला वाटायचं, सण म्हणजे हेच. नवीन कपडे, गोडाचं, आणि गजाला सुट्टी. शाळेत बाईंनी आवडता सण विचारला तर सगळ्या मुली दिवाळी म्हणायच्या आणि मी खंडेनवमी म्हणायचे, बाई कौतुकाने म्हणायच्या, मराठ्याची पोर आहे.

म्हणून त्या दुपारी आम्ही बिनधास्त निघालो. अण्णा पूजेनंतर जेवून झोपले होते, गज पाटावर होता, आणि नवमीला अण्णा आयुधाला हात लावणार नाहीत यावर आमचा सूर्य उगवण्याइतका विश्वास होता. आई मैसूर सिल्क नेसली होती. परतताना मार्केटजवळ मिरवणुकीत बस अडकली, दिवेलागण झाली, आम्ही दोघी मात्र टंग, टंग करत हसतच घरात शिरलो. अण्णा पाटासमोर बसले होते. कुठे होता असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. आईच्या केसांतल्या शेवंतीकडे पाहिलं, उठले, तिचा उजवा हात धरून मधल्या दाराच्या चौकटीवर ठेवला, आणि दार लावलं. सावकाश, बंद होईपर्यंत. सागवानी दार आहे आमचं, जड. मी काय केलं? मी पाटाकडे बघत होते. गज जागच्या जागी होता. अण्णांनी नियम पाळला होता. दार हे काही आयुध नव्हे.

आईचं मनगट तेव्हापासून वाकडं आहे. डॉक्टरांना तिने सांगितलं, पडले. इतक्या सहज सांगितलं की क्षणभर माझाही विश्वास बसला.

पुढे तो सिनेमा कुठल्या कुठे गेला, थिएटरसुद्धा पाडलं. मी नोकरीला लागले, हेब्बाळला फ्लॅट घेतला, आई येईल येईल म्हणून एक खोली तशीच ठेवली. मग दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या मेंदूत रक्त साकळलं. उजवं अंग गेलं आणि डोक्यातल्या खोल्यांमधल्या भिंती पडल्या. दुकान बंद झालं. मला वाटलं, आई सुटली. कसली सुटते? डावा हात राहिला होता आणि त्यात दोन्ही हातांचं बळ आलं होतं. पूर्वी निदान कारण लागायचं, मीठ, उशीर, शेवंती. आता तेही लागेना. देवाप्पा म्हणून एक थोराड माणूस अण्णांना सांभाळायला ठेवला, दिवसा तो असला की ठीक, पण रात्री आणि सणावारी आई एकटीच त्यांच्या डाव्या बाजूला बसलेली. डाव्याच, कारण उजवीकडचं त्यांना दिसत नाही आणि दिसलं नाही की ते घाबरतात. ते घाबरू नयेत म्हणून ती हाताच्या टप्प्यात बसते. याला काय म्हणायचं? मी भांडायचे, रडायचे, फोन आपटायचे. शेवटी मागच्या महिन्यात तो जुना सिनेमा इंटरनेटवर सापडला तेव्हा पेन ड्राइव्हवर घालून तिला आणून दिला. म्हटलं, ते झोपले की बघ. तेवढाच तुझा वेळ. तिने पेन ड्राइव्ह ओच्यात बांधला, मंगळसूत्र सांभाळावं तसा.

आणि आता ते हसत होते.

मी आत गेले. टीव्हीच्या उजेडात दोघं शेजारी बसलेली, अण्णा वेताच्या मोठ्या खुर्चीत, आई त्यांच्या डावीकडे मोढ्यावर. समोर भिंतीशी पाट, तलवार, कात्र्या, गज, सगळं झेंडूत बुडालेलं. समईच्या वासात कॉफीचा वास मिसळला होता. पडद्यावर बाप झारा घेऊन धावत होता. टंग. अण्णांची हनुवटी हलली, डोळ्यांतून पाणी आलं, लाळ गळली. आईने पदराने ती पुसली आणि स्वतःही हसली. माझ्या बापाच्या तोंडावर त्या क्षणी जी माया होती ती मी उभ्या जन्मात कधी पाहिली नव्हती, आणि ती एका सिनेमातल्या बावळट पोराकडे बघून आली होती. मला त्यांच्या तोंडात काहीतरी कोंबावंसं वाटलं.

“आलीस काय,” आई म्हणाली. “देवाप्पा गावाला गेला. बस की, आता पिठात पडतोय बघ.”

“हे कधीपासून?”

“काय?”

“त्यांना हा दाखवायचा. हे कधीपासून चाललंय?”

आई पडद्याकडेच बघत होती. “एकदा लावला तर बघत बसले. लई आवडला त्यांना. आता रोज मागतात, मांजर लाव, मांजर लाव म्हणून. सिनेमा लावला की ह्यांचा हात मांडीवरच राहतो, पुट्टी. संपेपर्यंत उचलत न्हाईत.”

तेव्हा तिने मान वळवली आणि डावा गाल उजेडात आला. जांभळा होता, अजून सुजलेला. म्हणजे कालपरवाचा. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, “परवा करंट गेलता न, म्हणून.”

वीज गेली म्हणून. सिनेमा मध्येच बंद पडला म्हणून. तिच्या आवाजात तक्रारसुद्धा नव्हती, हवामान सांगावं तसं. मी पर्समधून देवनहळ्ळीच्या एका जागेची किल्लीच जणू काढून दाखवणार होते अशा घाईने बोलायला लागले. विमानतळाच्या अलीकडे, शेतांच्या मध्ये, अशा माणसांना सांभाळणारं घर आहे, मी स्वतः बघून आलेय, रात्रंदिवस माणसं असतात, खोली रिकामी झालीय, उद्यापर्यंत कळवायचंय. तू माझ्याकडे चल. तुझी खोली आहे. खिडकीतून तळं दिसतं. आई ऐकत होती, पण निम्मं लक्ष पिठाच्या टोपाकडे.

“न्हाई गं,” ती म्हणाली. “तिथं परक्यांच्यात कसे राहतील? आता जमतंय आमचं. सिनेमा हाय की.”

“सिनेमा आहे म्हणून तू मार खात नाहीस. एवढंच ना?”

“स्वल्प हळू बोल. ऐकायला येतं त्यांना.”

हळू बोल. हे दोन शब्द मी या घरात जितक्या वेळा ऐकलेत तितक्या वेळा माझं नावही ऐकलं नसेल. मला दिसत होतं ते एवढंच, की आमच्या दोघींकडे जगात एक जागा होती, मोडकी, एक-स्टारवाली, जिथे कुणाला लागत नाही आणि किल्ली फिरली तरी मान वर होत नाही, आणि त्या जागेत तिने त्यांना आणून बसवलं होतं. स्वतःच्या शेजारी. ज्या सिनेमापायी त्यांनी तिचा हात दारात चिरडला, तोच बघून ते हसत होते, आणि त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. आठवण्याचं काम आमच्याकडे ठेवून ते मोकळे झाले होते. आणि आई, तिला आठवत होतं आणि तरी ती त्यांची लाळ पुसत होती. मला अण्णांचा राग होता, तो जुना, वापरून गुळगुळीत झालेला. आईचा राग नवा होता, त्याला धार होती.

“बघूया,” मी म्हटलं आणि रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

काय होईल ते मला ठाऊक होतं. तिला पटावं म्हणून ते व्हायला हवं होतं.

अण्णांचं हसू तसंच थोडा वेळ तोंडावर राहिलं. काळ्या काचेत त्यांना स्वतःचं तोंड दिसलं असावं. त्यांनी मान पुढे काढली. “मांजर?” ते म्हणाले. मग मोठ्याने, दुकानातल्या नोकराला हाक मारायचे त्या आवाजात, “मांजर कुठं गेलं?”

“पुट्टी, लाव,” आई म्हणाली. ती हसत होती, भीतीचं हसू. “लाव, लाव लवकर.”

मी लावला नाही. अण्णांचा डावा हात मांडीवरून उठला. आईने कोपर वर केलं, तोंडासमोर, जसं ती नेहमी करायची, पण हात तोंडाकडे गेलाच नाही. त्यांनी मागून तिची वेणी धरली आणि खाली ओढली. तिचं डोकं खुर्चीच्या हातावर आपटलं. कॉफीचा लोटा उडाला, फरशीवर गरम कॉफी पसरली. दुसऱ्यांदा आपटलं. तिने तोंडातून आवाज काढला नाही, मान वाकडी झालेली असताना तिचा एक डोळा माझ्यावर होता आणि ओठ हलत होते. लाव. सिनेमा लाव. रिमोट माझ्या हातातच होता. एक बटण. पण माझा हात उघडला, रिमोट पडला, आणि मी पाटाकडे गेले.

तलवारीकडे हात गेला नाही. तलवार आमच्या घराण्याची होती, गज आमच्या घराचा. मी तो उचलला तेव्हा झेंडूची फुलं घरंगळली. कुंकू अजून ओलं होतं. गार होता, आणि त्याचं वजन मला अंगाला माहीत होतं पण हाताला नव्हतं. आयुष्यभर त्याचं दुसरं टोक माझ्या वाट्याला आलेलं. धरायच्या टोकाला, जिथे अण्णांच्या बोटांनी लोखंड झिजलं होतं, तिथे माझी बोटं बरोबर बसली. मी मारला. त्यांच्या डाव्या मनगटावर. टंग असा आवाज आला नाही. सुकी काटकी ओल्या फडक्यात गुंडाळून मोडावी तसा आला. वेणी सुटली. आई मोढ्यावरून खाली घसरली, बाजूला झाली, सुटली होती ती, पुरती सुटली होती, आणि मी पुन्हा मारला. पहिला घाव हात सुटावा म्हणून होता. दुसरा हात सुटल्यावर होता. दुसरा जास्त जोरात बसला. आणि सांगते, तो बसला तेव्हा मला बरं वाटलं, सकाळी कोहळा फुटताना वाटलं तसं, त्याहूनही, पोटापासून डोक्यापर्यंत बरं वाटलं, आणि तिसरा मारायला माझा हात वर गेला.

अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी लोंबणारा हात छातीशी धरायचा प्रयत्न केला, पण धरायला दुसरा हात नव्हता. ते माझ्याकडे बघत होते. मला ओळखत नव्हते बहुतेक. गजाला ओळखत होते. शहाण्या पोराने चुकणाऱ्याला सांगावं तसं ते म्हणाले, “आज नको. आज नवमी न. आज आयुधाला हात लावायचा नसतो.”

मी हात खाली घेतला. त्यांनी जन्मभर बायकोला मारलं, पोरीला मारलं, पण हा नियम कधी मोडला नव्हता. मी मोडला. माझ्या मुठीतून, मनगटावरून कुंकवाचा ओघळ कोपरापर्यंत आला होता. फरशीवर कॉफी, फुलं, कुंकू. मी गज पाटावर ठेवला, होता तसाच आडवा, आणि आईला उठवायला वळले. म्हटलं, “आई.” एवढंच म्हटलं, हळू म्हटलं. हात पुढे केला.

आईचं कोपर वर आलं. तोंडासमोर. वाकड्या मनगटाचा हात, तळवा बाहेर, डोळे मिटलेले. माझ्यासमोर.

मग तिने एक डोळा उघडला, गज जागेवर आहे हे पाहिलं, आणि घाईघाईने, भिंतीला टेकत उठत, म्हणाली, “सरी, सरी. येते मी. तू म्हणतीस तिथं येते. रागावू नकोस.” तो सूर मला पाठ होता. मीठ जास्त झालं की तो लागायचा. मी जे मागायला आले होते ते मला मिळालं होतं, हो म्हणाली होती ती, वर्षानुवर्षं भांडून जे झालं नाही ते दोन घावांत झालं. तिने रिमोट शोधून काढला, पदराने कॉफी पुसली, सिनेमा लावला. पिठाच्या टोपातून पोरगा बाहेर आला, नखशिखांत पांढरा. अण्णांची मान तिकडे वळली. त्यांचा हात सुजायला लागला होता, आणि काही वेळाने ते हसले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “पडले हे.” आणि माझ्याकडे बघितलं, बरोबर सांगितलं ना, म्हणून.

अण्णा आता देवनहळ्ळीला आहेत, प्लास्टरमध्ये. गाडी आम्हाला घेऊन हेब्बाळच्या पुलावरून वळली तेव्हा आईने विचारलं, तिथं मांजराचा सिनेमा लावतात का. मी हो म्हटलं. मी चौकशी केलेली नव्हती, आणि पेन ड्राइव्ह तिच्याच ओच्यात होता, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तिने पुन्हा विचारलं नाही. ती मला काहीच पुन्हा विचारत नाही. चहा कसा करू विचारते, पडदा उघडू का विचारते, आणि मी काहीही म्हटलं तरी सरी, बरं, म्हणते. खिडकीतल्या तळ्याकडे बोट दाखवलं तेव्हा, छान हाय, म्हणाली, आणि मी खिडकीपासून हलेपर्यंत बघत राहिली. भाजीत मीठ थोडं जास्त झालं त्या दिवशी तिने माझ्या पुढ्यातलं ताट मला कळायच्या आत बदललं. मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, आई, मी पुट्टी आहे गं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिचे खांदे मात्र सगळा वेळ कानांपाशी होते.

काल मी लवकर निघाले. लिफ्टमधून बाहेर आले तेव्हा दाराआडून मांजराचं ओरडणं ऐकू येत होतं आणि आई हसत होती. पदर न धरता, एकटी, मोकळं. मी बाहेर उभी राहून ऐकलं. पोरगा पिठात पडला, बाप झारा घेऊन धावला, मग गाणं, मग ते दृश्य आलं, कळलं मला, कारण मागचं संगीत थांबतं. पडद्यावरची किल्ली फिरली. फुंकर. कॉफी फ्लास्कमध्ये आहे. आईचं हसू त्या शांततेतही चालू होतं, बारीक. मग मी पर्समधून माझी किल्ली काढली, जमेल तितकी हळू कुलपात घातली, आणि फिरवली.

आतलं हसणं थांबलं.

दार थोडंसं उघडून मी बाहेरूनच म्हटलं, “आई, मी आहे.”

“ठाऊक हाय,” आई म्हणाली, आणि टीव्हीचा आवाज बंद केला.